विद्यापीठीय ग्रंथालये आणि प्राचीन मराठी साहित्याचे संशोधन : ख्रिस्तपुराणाच्या मार्सडेन प्रतीच्या संदर्भात

१. प्रस्तावना

भाषा आणि साहित्य या विषयांच्या अभ्यासकाचे ग्रंथालय हीच प्रयोगशाळा होय, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु प्रयोगशाळेत उपकरण ठेवलेले असणे आणि त्यावर प्रयोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र पुष्कळदा विसरतो. ग्रंथालयाच्या बाबतीतही हेच खरे आहे. एखादी पोथी ग्रंथालयाच्या कपाटात शंभर वर्षे सुरक्षित असू शकते आणि तेवढाच काळ त्या भाषेच्या अभ्यासकांच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नसू शकते. पोथीची मोजदाद ग्रंथालय करते, तिची ओळख मात्र ती भाषा जाणणाऱ्या वाचकालाच पटवावी लागते.

प्रस्तुत लेखात या विधानाची तपासणी एका ठोस उदाहरणाच्या आधारे केली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत लंडन येथील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात १८३५ मध्ये पोहोचली. मराठीच्या अभ्यासकांना तिचा पत्ता लागला तो १९२३ मध्ये. मधली अठ्ठ्याऐंशी वर्षे ही प्रत हरवलेली नव्हती, ती केवळ ओळखली गेली नव्हती. या घटनेचा इतिहास पाहणे, तिच्याशी निगडित अशा गोवा, पोर्तुगाल आणि महाराष्ट्र येथील ग्रंथसंग्रहांचा मागोवा घेणे आणि त्यावरून विद्यापीठीय ग्रंथालयाचा संशोधनासाठी वापर कसा करावा याविषयी काही निष्कर्ष काढणे, ही या लेखाची उद्दिष्टे आहेत.

२. ख्रिस्तपुराणाची निर्मिती आणि लिपीचा प्रश्न

थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातले. रोम येथे १५७५ मध्ये ते येशूसंघात दाखल झाले आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले. त्यानंतर १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे आयुष्य प्रामुख्याने साष्टी भागात गेले. कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषा त्यांनी आत्मसात केल्या. कोकणीतील ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तररूप पुस्तिका (मुद्रण १६२२), कोकणीचे पोर्तुगीज भाषेतील व्याकरण (मुद्रण १६४०) आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी ख्रिस्तपुराण (मुद्रण १६१६) हे त्यांचे तीन प्रमुख ग्रंथ. यांपैकी पहिले दोन त्यांच्या मृत्यूनंतर रायतूर येथे छापले गेले.

ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन मुद्रित आवृत्त्या निघाल्या. तिन्ही रोमन लिपीत होत्या. या तीनपैकी एकाही आवृत्तीची मुद्रित प्रत आज उपलब्ध नाही. ज्या ग्रंथाच्या अडतीस वर्षांत तीन आवृत्त्या निघाल्या, त्याची एकही छापील प्रत शिल्लक राहू नये, ही गोष्ट मुद्रणामुळे ग्रंथ चिरंजीव होतो या आपल्या समजुतीला धक्का देणारी आहे. गोव्यातील मुद्रण १६७४ नंतर प्रदीर्घ काळ बंद पडले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. ग्रंथ पुन्हा छापला जाण्याची शक्यता त्यामुळे मावळली आणि तो हस्तलिखितांच्या रूपाने, भाविक कुटुंबांच्या वाचनात, तगून राहिला.

ग्रंथ रोमन लिपीत छापला जाण्याचे कारण स्टीफन्स यांच्याच एका पत्रावरून समजते. ५ डिसेंबर १६०८ रोजी रोम येथील आपल्या संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या प्रांतात देशी भाषेत आणि देशी लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली अनेक वर्षांची इच्छा कळवली होती. मलबारात असे मुद्रण झाले असल्याचा दाखलाही त्यांनी दिला. अडचण खिळ्यांची होती. युरोपीय लिपीला चोवीस अक्षरे पुरतात, येथील अक्षरे मात्र स्वरव्यंजनयुक्त असल्यामुळे सुमारे सहाशे साचे लागतील, असा त्यांचा अंदाज होता. शिवाय वरिष्ठांच्या आज्ञेवाचून हे काम होणारे नव्हते. त्यांची इच्छा फळाला आली नाही. मराठीसाठी देवनागरी खिळ्यांचा वापर पुढे १८०५ मध्ये, श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांच्या मराठी व्याकरणात झाला.

हे पत्र लक्षात घेतले म्हणजे एक प्रश्न अटळपणे उभा राहतो. देशी लिपीत छापण्याची एवढी आस असलेल्या ग्रंथकाराने आपला ग्रंथ मुळात कोणत्या लिपीत लिहिला असेल? केवळ मुद्रित परंपरेकडे पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळणे शक्य नव्हते.

३. एका ग्रंथपालाचे गोव्यातील कार्य

स्टीफन्स यांचे भाषाविषयक कार्य आधुनिक अभ्यासकांपुढे आणण्याचे श्रेय मुख्यतः जे. एच. द कुन्या रिव्हारा यांना द्यावे लागते. ते १८५५ मध्ये गोवा सरकारचे मुख्य सचिव म्हणून आले. प्रशासक म्हणून त्यांची नोंद इतिहासात आहेच, परंतु त्यापूर्वी ते पोर्तुगालमधील एव्होरा येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल होते आणि तेथील हस्तलिखितांच्या सूचीचा पहिला खंड त्यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केला होता. ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. गोव्यात आल्यावर त्यांनी स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण १८५७ मध्ये पुनर्मुद्रित केले आणि १८५८ मध्ये कोकणी भाषेच्या इतिहासावरील निबंध प्रसिद्ध केला. या निबंधात त्यांनी भाषेविरुद्धच्या सरकारी आदेशांचे दस्तऐवजही उजेडात आणले. ज्या सत्तेने ही भाषा दडपली, तिच्याच दप्तरातून त्या दडपणुकीचा पुरावा त्याच सत्तेच्या एका अधिकाऱ्याने काढला. दप्तर वाचण्याची ग्रंथपालाची सवय येथे इतिहासाच्या कामी आली.

ख्रिस्तपुराणाचे पुनर्मुद्रण व्हायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. जोसेफ एल. साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथून रोमन लिपीतील संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. कॅनरा किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजात जपल्या गेलेल्या हस्तलिखितांचा त्यांना आधार मिळाला. या आवृत्तीमुळे ग्रंथ प्रथमच आधुनिक अभ्यासकांच्या हाती आला आणि पुढील अभ्यासाचा पायाही तीच ठरली.

तथापि रोमन संहिता देवनागरीत आणताना संपादकाला सतत निर्णय घ्यावे लागतात. मूर्धन्य वर्ण दर्शवण्यासाठी या लेखनपद्धतीत अक्षराचे द्वित्व करतात. ग्रंथनामातील ‘पुराण’ या शब्दातील ‘ण’साठी रोमन ‘न’ दोनदा लिहिला आहे. मग इतरत्र दुहेरी ‘न’ आला म्हणजे तो ‘ण’ समजावा की ‘न्न’, हे संदर्भावरून ठरवावे लागते. ऱ्हस्वदीर्घाचीही हीच गत. म्हणजे देवनागरीत छापलेले ख्रिस्तपुराण वाचताना आपण स्टीफन्स यांच्याबरोबर त्यांच्या लिप्यंतरकारालाही वाचत असतो.

४. मार्सडेन संग्रहाचा प्रवास

विल्यम मार्सडेन (१७५४–१८३६) यांचे नाव मलय भाषेच्या अभ्यासकांना अधिक परिचित आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत ते सुमात्रा बेटावर होते. सुमात्राचा इतिहास त्यांनी १७८३ मध्ये, तर मलय भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश १८१२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ब्रिटिश नौदल खात्याचे सचिवपदही त्यांनी भूषवले. जगातील भाषांचे नमुने गोळा करणे हा त्यांचा आयुष्यभराचा व्यासंग होता. आपल्या संग्रहाची सूची त्यांनी १८२७ मध्ये स्वतःच छापून प्रसिद्ध केली आणि १८३५ मध्ये संपूर्ण ग्रंथसंग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजला दान केला.

पुढे लंडन विद्यापीठाच्या कक्षेत पौर्वात्य विद्यांच्या अध्यापनाची पुनर्रचना झाली. स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज ही संस्था १९१६ मध्ये स्थापन होऊन १९१७ मध्ये सुरू झाली. मार्सडेन संग्रह तिच्या ग्रंथालयाकडे आला. १९३८ पासून तिच्या नावात आफ्रिकी अभ्यासाची भर पडली आणि आज ती तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सोआस’ म्हणून ओळखली जाते.

या स्थलांतराकडे केवळ कपाटांची हलवाहलव म्हणून पाहता येणार नाही. किंग्ज कॉलेजमध्ये हा संग्रह एका थोर संग्राहकाची देणगी म्हणून राहिला होता. नव्या संस्थेत तो पौर्वात्य भाषांच्या अध्ययनासाठीच उभारलेल्या ग्रंथालयाचा भाग झाला. पोथी तीच, पण ती आता योग्य वाचकांच्या वाटेवर आली होती. ख्रिस्तपुराणाची ओळख पटली ती या बदलानंतर अवघ्या काही वर्षांत, हा योगायोग मानता येत नाही.

ही ओळख पटवली जस्टिन ई. अ‍ॅबट यांनी. अमेरिकन मराठी मिशनचे हे धर्मोपदेशक दीर्घकाळ महाराष्ट्रात वावरले होते. पुढे एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम आदी संतकवींवरील त्यांची इंग्रजी भाषांतरमाला प्रसिद्ध झाली. ओवीची घडण, पुराणाची भाषा आणि ख्रिस्ती धर्मपरंपरा या तिन्हींचा त्यांना निकट परिचय होता. मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित म्हणजे स्टीफन्स यांचेच पुराण होय, हे त्यांनी १९२३ मध्ये त्याच संस्थेच्या शोधपत्रिकेतील एका छोट्या लेखात जाहीर केले. आदिपुराण आणि देवपुराण अशा दोन भागांत ही संहिता आहे.

येथे एका गोष्टीचा विचार करणे आवश्यक आहे. आदिपुराण हे नाव भारतीय वाङ्मयात नवे नाही. जैन परंपरेतही या नावाचा प्रसिद्ध ग्रंथ आहे. ज्याला मराठी येत नाही अशा सूचिकाराला ‘पुराण’ या नामाभिधानावरून आत ख्रिस्तचरित्र असेल अशी शंका येण्याचे कारण नव्हते. ज्याला मराठी येते पण जो हिंदू पुराणेच शोधत आहे, त्यालाही ते सापडले नसते. या प्रतीला योग्य वाचक भेटण्यासाठी भाषा, छंद आणि विषय या तिन्हींची जाण एकाच व्यक्तीच्या ठायी असणे भाग होते.

५. प्रत सापडली, प्रश्न वाढले

अ‍ॅबट यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच ही संहिता मूळ देवनागरी पाठ असल्याचे प्रतिपादन केले. स्टीफन्स यांच्या १६०८ मधील पत्राशी हे मत जुळते. ग्रंथ मुळात देवनागरीत लिहिला गेला आणि खिळ्यांअभावी रोमन लिपीत छापला गेला, अशी संगती त्यावरून लावता येते. मात्र सर्व अभ्यासकांनी हे मत स्वीकारलेले नाही. लंडन प्रतीची भाषा रोमन संहितेच्या तुलनेने अधिक संस्कृतप्रचुर आहे. रोमन संहितेत ख्रिस्ती धर्मातील संकल्पनांसाठी पोर्तुगीज-लॅटिन शब्द जेथे येतात, तेथे या प्रतीत देशी पर्याय आढळतात. याचे दोन अर्थ संभवतात. एक म्हणजे हा मूळ पाठ असून मुद्रणाच्या वेळी धर्मसंस्थेला मान्य असलेले शब्द त्यात घालण्यात आले. दुसरा म्हणजे रोमन संहिता मूळ असून नंतरच्या एखाद्या लेखकाने देशी वाचकांसाठी तिचे देवनागरीत संस्करण केले.

या दोन शक्यतांपैकी कोणती स्वीकारावी, यावर केवळ एका ग्रंथाचा पाठ अवलंबून नाही. पहिली मान्य केल्यास सतराव्या शतकाच्या आरंभी एका इंग्रज धर्मोपदेशकाने मराठी काव्यपरंपरेशी साधलेली समरसता किती खोल होती आणि मुद्रणाने तिच्यावर कोणती मर्यादा घातली, हे आपल्यापुढे येते. दुसरी मान्य केल्यास, स्टीफन्स यांच्यानंतर त्यांचा ग्रंथ देवनागरी वाचणाऱ्या ख्रिस्ती समाजात कसा पुनर्घटित झाला, याचा इतिहास उलगडतो. दोन्ही इतिहास महत्त्वाचे आहेत, परंतु ते एकच नव्हेत. निर्णयासाठी कागद, हस्ताक्षर, लेखनिकाचे प्रमाद आणि पाठभेद यांची ओवीगणिक तपासणी करावी लागते आणि हे काम प्रत्यक्ष प्रतीसमोर बसूनच होते. रोमन अक्षर चुकीचे वाचल्याने झालेला प्रमाद देवनागरी प्रतीत सापडला, तर ती रोमनवरून उतरवलेली आहे असे म्हणता येते. देवनागरीतील सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या गोंधळातून झालेला प्रमाद रोमन प्रतीत सापडला, तर उलट अनुमान करता येते. एखाददुसऱ्या उदाहरणावर अर्थात भिस्त ठेवता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर आपल्या पाठ्यपुस्तकांकडे पाहिले तर एक उणीव जाणवते. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या स्टीफन्स यांच्या ओव्या आपण सर्वत्र उद्धृत करतो. वक्तृत्वस्पर्धांपासून भाषादिनाच्या भाषणांपर्यंत त्या ऐकू येतात. परंतु हा पाठ कोणत्या प्रतीतला, रोमनवरून लिप्यंतर केलेला की लंडन प्रतीतील, याची नोंद क्वचितच आढळते. शांताराम बंडेलू यांची १९५६ मधील, कारिदाद द्रागो यांची १९९६ मधील आणि नेल्सन फाल्कांव यांची २००९ मधील आवृत्ती आज अभ्यासकाच्या हाताशी आहे. निदान यांपैकी कोणती आवृत्ती वापरली आणि तिच्या पाठाचा आधार कोणता, एवढे तरी आपण विद्यार्थ्यांना सांगावयास हवे.

६. ब्रागा येथील हस्तलिखिते

मार्सडेन प्रतीचे उदाहरण एकाकी नाही. पोर्तुगालच्या उत्तरेकडील ब्रागा शहरातील सार्वजनिक ग्रंथालय १८४१ मध्ये स्थापन झाले. १८३४ मध्ये पोर्तुगालमधील धर्मसंघ बरखास्त झाल्यावर मठांतील ग्रंथसंपदा सरकारजमा झाली आणि तीतून अशी ग्रंथालये उभी राहिली. १९७३ मध्ये मिन्यो विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे हे ग्रंथालय त्याचा घटक बनले. या ग्रंथालयातील ७७१, ७७२ आणि ७७३ या क्रमांकांच्या हस्तलिखितांत रोमन लिपीत लिहिलेल्या रामायण-महाभारतातील कथा आहेत. पहिल्या दोहोंत प्रामुख्याने कोकणी गद्य, तर तिसऱ्यात मराठी पद्यरचना आहे. गोव्यातील आणि पुढे लिस्बनमधील संस्कृत-मराठीचे प्राध्यापक मरियानो साल्ढाणा यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या संग्रहाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. स्टीफन्स यांच्या धर्मतत्त्वविषयक पुस्तिकेची आवृत्तीही त्यांनीच १९४५ मध्ये लिस्बन येथून प्रसिद्ध केली.

सोळाव्या शतकात गोव्यात हिंदूंचे धर्मग्रंथ जप्त झाले, नष्ट झाले. त्याच काळात धर्मप्रसारकांनी या धर्माचे खंडन करण्यापूर्वी त्याची ओळख करून घ्यावी म्हणून त्यातील कथा आपल्या लिपीत उतरवून घेतल्या. गोव्यातील मूळ पोथ्या गेल्या, उतारे पोर्तुगालात राहिले. आज जुन्या कोकणी गद्याचा अभ्यास या उताऱ्यांवाचून पुरा होऊ शकत नाही. ज्या हेतूने संग्रह निर्माण झाला, त्या हेतूपलीकडे त्याचे मूल्य असू शकते. म्हणून संग्राहकाच्या भूमिकेशी आपले मतभेद असले तरी त्याच्या संग्रहाकडे पाठ फिरवणे अभ्यासकाला परवडत नाही.

आणखीही एक गोष्ट येथे लक्षात येते. हे ग्रंथ मराठी किंवा कोकणी या शीर्षकाखाली शोधून सापडले नसते. ते पोर्तुगीज ग्रंथालयातील येशूसंघाच्या कागदपत्रांत, रोमन लिपीत होते. साहित्याच्या अभ्यासकाला म्हणून केवळ भाषेचे नाव घेऊन सूची चाळून भागत नाही. तो ग्रंथ कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला असेल, याचा माग त्याने काढला पाहिजे.

७. महाराष्ट्रातील विद्यापीठीय ग्रंथालये

आता आपल्याकडील स्थितीकडे वळू. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये दिलेल्या देणगीतून ग्रंथालयाची इमारत आणि राजाबाई मनोरा उभा राहिला. बांधकामास १८६९ मध्ये आरंभ होऊन मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. या ग्रंथालयातील अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची १९३५ मध्ये, तर भगवतसिंहजी व भडकमकर या संग्रहांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची गो. वि. देवस्थळी यांनी केलेली सूची १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली. या सूच्यांची भाषाक्रमवारी बोलकी आहे. अभिजात म्हणून मान्यता पावलेल्या भाषांना विद्यापीठात आधी स्थान मिळाले. मराठी मात्र विद्यापीठाच्या प्रारंभीच्या काही वर्षांनंतर अभ्यासक्रमातून वगळली गेली होती आणि न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या दीर्घ प्रयत्नांनंतर, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, तिचा उच्च अभ्यासक्रमात पुनःप्रवेश झाला. जी भाषा अभ्यासक्रमात नाही, तिच्या पोथ्या ग्रंथालय आवर्जून कशाला गोळा करील?

या पोकळीत मराठी साधने जमवण्याचे काम विद्यापीठाबाहेरील संस्थांनी केले. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८), पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०), राजवाडे यांच्या १९२६ मधील निधनानंतर धुळे येथे उभे राहिलेले संशोधन मंडळ ही त्यांतील ठळक नावे. मुद्रित ग्रंथांच्या बाबतीत शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ मध्ये प्रसिद्ध करून जे कार्य केले, ते एखाद्या विद्यापीठाने करावे अशा तोलाचे आहे. पुणे विद्यापीठाचे (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) ग्रंथालय स्वातंत्र्यानंतरचे असून पहिले कुलगुरू मु. रा. जयकर यांचे नाव त्याला दिलेले आहे. तोवर मराठी हस्तलिखितांची बरीच मोठी संपदा अन्यत्र स्थिरावली होती.

संस्थेच्या ग्रंथालयाचे महत्त्व पटण्यासाठी राजवाडे यांच्याच कार्यातील एक उदाहरण पुरेसे आहे. त्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व मानलेल्या एका पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्या आधारे जुन्या मराठीचे व्याकरण मांडले. ही मूळ पोथी पुढील अभ्यासकांना पडताळणीसाठी उपलब्ध झाली नाही. परिणामी त्या पाठाविषयीचा वाद आजही पोथीवर न होता राजवाडे यांच्या शब्दावर होतो. याउलट अ‍ॅबट यांचे मत चुकीचे ठरले तरी त्याची तपासणी करता येते, कारण प्रत ग्रंथालयात आहे, तिला क्रमांक आहे आणि कोणीही अभ्यासक ती मागू शकतो. पुराव्याची पुनर्तपासणी करता येणे हा जर शास्त्रीय संशोधनाचा निकष असेल, तर साहित्यसंशोधनात तो ग्रंथालयामुळेच पुरा होतो.

८. संशोधनासाठी ग्रंथालयाचा वापर

वरील इतिहासातून भाषा-साहित्याच्या संशोधकाला उपयुक्त अशी काही पथ्ये हाती येतात.

पहिले पथ्य असे की, सूची हा शोधाचा आरंभ मानावा, शेवट मानू नये. सूचीत नाही म्हणजे ग्रंथालयात नाही, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. विशेषतः जुन्या बाडांत एकाच बांधणीत संस्कृत स्तोत्र, मराठी आरती, औषधाचे पाठ आणि हिशेब एकत्र असतात आणि सूचिकार बहुधा पहिल्या कृतीचेच नाव नोंदवतो. बाड मागवून शेवटच्या पानापर्यंत चाळण्याला पर्याय नाही.

दुसरे, संग्रहाचा इतिहास जाणून घ्यावा. देणगीदार कोण, त्याचा व्यवसाय काय, तो कोठे राहिला, त्याने ग्रंथ कोणाकडून मिळवले, ही माहिती दाखल नोंदवहीत किंवा देणगीच्या पत्रव्यवहारात मिळते. मार्सडेन हे मलय भाषेचे पंडित म्हणून प्रसिद्ध असल्याने त्यांच्या संग्रहात मराठी पुराण असेल असे कोणाच्या मनात आले नसावे. परंतु त्यांचा संग्रह सर्व भाषांचा होता, हे त्यांच्या १८२७ च्या सूचीच्या नावावरूनही कळण्याजोगे होते.

तिसरे, पोथीचा आदि, अंत आणि पुष्पिका यांची स्वतंत्र नोंद करावी. शकवर्षाचे इसवी सनात रूपांतर करताना केवळ अठ्ठ्याहत्तर मिळवून थांबू नये. मास पौष-माघ-फाल्गुन असल्यास सन एकाने पुढे जाऊ शकतो. लेखनकाल आणि रचनाकाल यांची गल्लत हा तर आपल्या प्रबंधांतील नित्याचा दोष आहे.

चौथे, उद्धृताबरोबर ग्रंथालयाचे नाव, हस्तलिखिताचा क्रमांक आणि पत्रांक द्यावा. हा केवळ शिष्टाचार मानू नये. आपल्या पश्चात येणाऱ्या अभ्यासकाला आपले म्हणणे खोडून काढण्याची सोय करून देणे, हे संशोधकाचे कर्तव्यच आहे.

पाचवे, अंकीकरणाचा लाभ घ्यावा, पण त्याच्या मर्यादा ओळखाव्यात. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित मोहिमेने आणि २०२५ मध्ये घोषित झालेल्या ज्ञान भारतम् मोहिमेने हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाला व अंकीकरणाला चालना दिली आहे. परदेशी विद्यापीठेही आपले संग्रह संगणकावर उपलब्ध करून देत आहेत. परंतु छायाचित्र घेतल्याने पोथी ओळखली जात नाही. चुकीच्या शीर्षकाखाली अंकित झालेली पोथी कपाटातल्या पोथीइतकीच दृष्टीआड राहते. कागदाचा पोत, जलचिन्ह, शाईतील फरक आणि मागाहून चिकटवलेली पाने यांचे ज्ञान तर प्रत्यक्ष हाताळणीवाचून क्वचितच होते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) ख्रिस्तपुराणाची लंडन प्रत अठ्ठ्याऐंशी वर्षे अज्ञात राहिली ती हेळसांडीमुळे नव्हे. ग्रंथालयाने ती नीट सांभाळली. उणीव होती ती भाषा, छंद आणि विषय जाणणाऱ्या वाचकाची.

(२) संग्रह कोणत्या संस्थेत आणि कोणत्या विद्याशाखेच्या सान्निध्यात आहे, यावर त्याचा शोध लागणे अवलंबून असते. मार्सडेन संग्रहाच्या स्थलांतरानंतर थोड्याच काळात लागलेला शोध हे त्याचे उदाहरण होय.

(३) अभ्यासक्रमात भाषेला असलेल्या स्थानाचा परिणाम ग्रंथालयाच्या संग्रहावर आणि सूचीवर होतो. महाराष्ट्रातील विद्यापीठीय ग्रंथालयांत मराठी हस्तलिखितांना उशिरा मिळालेले स्थान हे त्याचेच फलित आहे.

(४) ग्रंथालयात जतन झालेली प्रत ही साहित्यविषयक विधानाची पडताळणी शक्य करते. खासगी हाती राहिलेल्या प्रतीवर उभारलेले विधान, संशोधक कितीही थोर असला तरी, श्रद्धेचा विषय होऊन बसते.

या निष्कर्षांतून आपल्यासारख्या महाविद्यालयीन अध्यापकांवर एक जबाबदारी येते. आपल्या महाविद्यालयांच्या, तालुक्याच्या वाचनालयांच्या, मठमंदिरांच्या कपाटांत रुमालात बांधलेली बाडे आहेत. त्यांतील कित्येकांवर ‘जुनी पोथी’ एवढीच नोंद असते. ग्रंथपालाला प्रत्येक जुनी लिपी आणि प्रत्येक छंद अवगत असावा, ही अपेक्षा अवाजवी आहे. ते ज्ञान भाषाविभागात असते, किंबहुना असायला हवे. मोडी वाचणारे आणि ओवीवरून काळाचा अदमास बांधणारे अध्यापक जसजसे निवृत्त होत आहेत, तसतशी ही बाडे ओळखली जाण्याची शक्यता उणावत आहे. प्रत्येक मराठी विभागाने आपल्या परिसरातील निदान एका संग्रहाची वर्णनात्मक सूची पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून करून घेतली, तर त्या विद्यार्थ्यांना संशोधनाचे खरे शिक्षण मिळेल आणि ग्रंथालयाला त्याच्या स्वतःच्या धनाची ओळख होईल. ग्रंथालयाकडून घेणारा अभ्यासक त्याला काही परत देऊ शकतो तो याच मार्गाने.